बैलाचं औषध

सावळातात्या झोपला, की खडकाची वाडी झोपायची. गंमत नाही, खरंच सांगतो. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला ही अकरा घरं, आणि घरांच्या डोक्यावर, चढाच्या वाटेनं अर्ध्या तासावर, डोंगराला पडलेली भेग. अकरा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात पडली तेव्हा चार बोटं होती. सरकारी माणसं आली, फोटो काढले, धोक्याची पाटी रोवली आणि गेली. पाटी पुढच्या वाऱ्यात पडली, ती पलीकडच्या माळावरच्या ठकुबाई धनगरणीनं उचलून शेरडांच्या खोपटावर टाकली. भेग मात्र जागच्या जागी राहिली.

तिच्यावर नजर कुणी ठेवायची? सगळ्यांनी सावळातात्याकडं बघितलं, कारण त्याचीच छाती आधी धडधडायला लागली होती. तसा माणूस भित्रा नव्हे. गवताच्या भाऱ्यातून निघालेला साप शेपटीला धरून भिरकावणारा. पण भेग बघून आला आणि त्याच्या आत काहीतरी बसलं ते बसलंच. रोज सकाळी तो वर जायचा, वेळूची हातभर काठी भेगेवर आडवी धरायचा, वाढ दिसली की काठीवर कोयत्यानं खाच पाडायचा आणि काठी तिथंच हिरड्याच्या बेचक्यात ठेवून खाली यायचा. आल्यावर चहाची कपबशी हातात घेतली की निम्मा चहा बशीत. पावसानं जोर धरला की तोंड पांढरं करून बसून राहायचा. "डोंगूर बोलतोय," म्हणायचा.

वाडीला तेवढंच पाहिजे होतं. तात्या बसला, बांधा बोचकी, चला खालच्या शाळेत. तात्या आडवा झाला, आपणही आडवं व्हा. एवढा साधा कारभार. त्या तोंडापायी अकरा वर्षं वाडी शाबूत राहिली असं लोक म्हणायचे, आणि त्या तोंडामागचा माणूस अकरा वर्षं झोपला नाही हे एकट्या रतनबाईला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं.

तिनं काय कमी केलं? एसटीचा दिवस मोडून त्याला भोरला नेलं. डॉक्टरनं छातीची पट्टी काढली आणि म्हणाला, "हृदय बैलासारखं आहे. टेन्शन घेऊ नका."

"त्ये कसं घ्यायचं न्हाई, त्ये बी चिठ्ठीवर लिवून द्या की," रतनबाई म्हणाली. डॉक्टर हसला. त्यानं दिलेल्या गोळ्या महिन्यात संपल्या, पुन्हा यायला सांगितलं होतं, पण लावणी तोंडावर होती. राहिलं ते राहिलंच.

आणि यंदा काय नवल! मृग निघाला आणि तात्या निवळला. पाऊस कोसळतोय आणि हा घोरतोय. चहाचा थेंब सांडेना. सुनेची, सुप्रियाची, चेष्टा करायला लागला. रतनबाईला तर काय करू नि काय नको असं झालं. घाटातल्या वाघजाईला जाऊन तिनं खणानारळानं ओटी भरली. आषाढात ग्रामसेवक आला, म्हणाला यंदा पाऊस जादा सांगितलाय, शाळेत चला. शेजारच्या हनुमंतानं तात्याला विचारलं, "तात्या, तुमी काय म्हनता?"

"काय हुत न्हाई," तात्या म्हणाला. वाडी हलली नाही. ग्रामसेवकानं कागदावर सह्या घेतल्या आणि तो गेला.

घरात काळजीचं म्हणून एकच होतं, बैलाचं पोट. दर आठ-दहा दिवसांनी तात्या मूठभर वाळला पाला आणून रतनबाईपुढं ठेवायचा. "बैलाचं पोट धरलंय. गूळ नि मिरी घालून वाट, आन गोळ्या कर."

"बैलाला मिरी कशाला?"

"वाताला."

ती पाट्यावर बसून वाटायची, सुपारीएवढ्या गोळ्या वळायची. एकदा वरवंट्याचा गूळ तिनं बोटानं चाटला आणि दुपारभर भिंतीला टेकून आपली हसतच बसली. सून घाबरली. "आत्याबाई, बरं वाटंना का?" रतनबाईला स्वतःचीच लाज वाटली. उपासाच्या पोटी गोड खाल्लं म्हणून झालं असंल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

श्रावणातला सोमवार गेला आणि मंगळवारी सकाळी ती चढावरच्या शेतात, वरकसावर गेली. नाचणीतलं तण काढायची बेणणी राहिली होती. अंगावर प्लास्टिकची खोळ, कंबरेत वाकलेली, बोटं चिखलात. दहाच्या सुमाराला पाठ भरून आली तशी उठली, म्हटलं भाजीपुरती अंबाडी खुडून घ्यावी. अंबाडी तिनंच बांधावर टोकली होती. यंदा वरच्या कोपऱ्यात तर ती नुसती माजली होती, छातीएवढी. पाच पाच बोटांची पानं, करवतीसारखी कड. तिनं खोळीचा सोगा धरला आणि खुडायला लागली. खुडताना कोवळं पान दाताखाली धरायचं ही तिची लहानपणापासूनची खोड. अंबाडी खुडावी आणि तोंड आंबट होऊ नये असं कधी झालंय का?

तोंड आंबट झालं नाही.

तिनं थुंकलं. दुसरं पान घेतलं. तेही आंबट नाही. तुरट, कडवट, आणि हाताला उग्र वास. देठाला अंबाडीची कुसंही नव्हती. बी खोटं निघालं म्हणावं तर खालच्या अंगाची अंबाडी चांगली आंबटढाण होती. ती तशीच पान धरून उभी राहिली.

तेवढ्यात बांधावरून ठकुबाई शेरडं घेऊन उतरली. रतनबाईच्या सोग्याकडं बघून ती थांबली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"रतनबाय, भाजी करतीस काय याची?"

"अंबाडी हाय. पन आंबटच लागंना बग."

"अगं बया! आंबट कशी लागंल? भांग हाय ती. कर, कर भाजी, अख्खी वाडी नाचंल."

"काय बोलतीस?"

"तुझ्याच मालकानं बी न्हेलं की आमच्या म्हाताऱ्याकडनं. मिरगापास्नं वाळला पाला न्हेतोय, तवाच म्हनला, घरीच लावतो, अंबाडीत कुनाला कळतंय."

रतनबाईचा जीव जरा भांड्यात पडला. "हां, त्ये व्हय. बैलाच्या पोटासाठी."

"कुठल्या बैलाच्या?" ठकुबाईचं हसू थांबलं. रतनबाईला खरंच ठाऊक नाही हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. ती जवळ आली, आवाज खाली आणून म्हणाली, "बाय, तुझा मालक रडला गं आमच्या खोपटात. म्हनला, छाती फुटतीया, डोंगूर कानात बोलतोय, झोप म्हनून न्हाई. तवा म्हाताऱ्यानं दिला पाला. म्हनला, सकाळ-संध्याकाळ एक गोळी खा, समदं गप हुतंय."

रतनबाई खाली बसली, चिखलातच. पाटा तिच्या डोळ्यांपुढं आला. आपण, आपल्या हातानं! गूळ घालून, मिरी घालून! गळ्यात माळ नसली तरी उभ्या जन्मात तंबाखूची चिमूट न घेतलेला माणूस, आणि बायकोकडून भांग वाटून घेतोय, बैलाचं नाव करून. आणि आपण वाघजाईची ओटी भरली! राग असा आला की हातातला पाला तिनं चुरगाळून फेकला. म्हणाली, "येऊ दे आज घरी. बैलाच्या दाव्यालाच बांधते."

ठकुबाई शेरडांमागं निघाली आणि जाता जाता म्हणाली, "पन गुण आला न्हवं? समदं गप झालं न्हवं त्याचं?"

गप झालं. हो, झालं की. रतनबाई उठता उठता तिथंच अडखळली. तात्याच्या आतलं गप झालं ते गोळीनं. मग डोंगर गप झालाय, हे कुणी बघितलं?

ती खुरपं टाकून वरच्या वाटेला लागली. वाट कुठली, वाटच नव्हती. रोज सकाळी माणूस जातो त्या पायवाटेवर गुडघ्याएवढं गवत, आणि कारवीच्या दोन झुडपांत कोळ्याचं जाळं सबंध, त्यावर पावसाचे थेंब. महिना झाला असेल, इथून कुणी गेलं नव्हतं. सकाळी घोंगडी घेऊन निघणारा नवरा मग जातो तरी कुठं? बांधाखालच्या आंब्याच्या बुडाशी दबलेलं गवत तिनं येताना बघितलं होतं, त्याचा अर्थ आत्ता लागला. तिथंच बसून राहतो आणि उन्हं वर आली की परत येतो, "बगून आलो" म्हणत. ती चार पायांवर चढली. तोंडातून "आई, आई" निघत होतं ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

हिरडा दिसला तो वाकडा. काठी बेचक्यात होती, तिच्या शेवटच्या खाचेत शेवाळ धरलं होतं. रतनबाईनं काठी घेतली, तात्या करायचा तशी भेगेवर आडवी धरायला गेली. एक टोक अलीकडच्या कडेला टेकलं. दुसरं टेकलंच नाही. ती आणखी वाकली, हात लांब केला, आणि काठी निसटून आत गेली. खाली पडल्याचा आवाज आला नाही. आला तो पाण्याचा. डोंगराच्या पोटात पाणी वाहत होतं, चांगलं खळाळून.

ती कशी उतरली ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही. कोपरं सोलली, एक चप्पल गेली. हनुमंताच्या ओसरीवर पाचसात माणसं पत्ते खेळत बसली होती, आणि भिंतीला टेकून, पाय लांब सोडून, निवांत तात्या.

"उठा! समदी उठा! भेग हातभराच्या वर गेली. डोंगराच्या पोटात पानी खेळतंय!"

पत्ते थांबले. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं, आणि मग, नेहमीसारखं, तात्याकडं.

"तात्या?" हनुमंतानं विचारलं.

"काय हुत न्हाई," तात्या हसून म्हणाला. "सकाळीच बगून आलो. रतन उगं घाबरती."

झालं. पत्ते पुन्हा पडले. कुणीतरी म्हणालं, "काकू, च्या घ्या, बसा." आत सुप्रिया आणि हनुमंताची बायको कुरडया तळत होत्या, त्यांचा वास येत होता. रतनबाई अंगणात उभी. पायात एकच चप्पल, पदर फाटलेला. एक शब्द बोलला की वाडी हलेल हे तिला दिसत होतं, आणि तो शब्द बोलला की या माणसाला पुन्हा या ओसरीवर मान वर करून बसता येणार नाही हेही दिसत होतं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं चारचौघांत त्याला कधी खाली बघायला लावलं नव्हतं.

मग तिनं खोळीत हात घातला. चुरगाळलेल्या पाल्याचं एक डहाळं तिथं राहिलं होतं. ते तिनं पत्त्यांवर टाकलं.

"ह्ये वळखा. भांग हाय. ह्ये खातोय तुमचा तात्या. दोन टायमाला. म्या माझ्या हातानं वाटून दिलीया, बैलाचं औषध म्हनून. एक महिना झाला त्यो वर गेलेला न्हाई. वाटंवर जाळी धरल्यात. आन तुमी त्याच्या तोंडाकडं बगून पत्तं खेळताय!"

हनुमंतानं डहाळं उचललं, वास घेतला, आणि असं तोंड केलं की रतनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुप्रिया झारा धरून दारात आली होती. ती सासऱ्याकडं बघेना आणि सासूकडंही बघेना.

तात्याचं हसू अजून तोंडावरच होतं, उतरायचं विसरल्यासारखं. "काठी कुठाय?" त्यानं विचारलं.

"डोंगरानं गिळली."

"हातभर काठी?"

"आख्खी. आडवी टेकलीच न्हाई."

त्यानं स्वतःच्या हातांकडं बघितलं. ते शांत होते, आणि त्यांनाच भ्यावं तसा तो बघत राहिला. मग भिंतीचा आधार घेऊन उठला. "चला," एवढंच म्हणाला. "जनावरं सोडा आदी."

दुपारच्या पावसात अकरा घरं खाली उतरली. तोंडांवर राग होता, आणि तो डोंगरावर नव्हता. "गांजाडा" हा शब्द रतनबाईनं वाटेत तीनदा ऐकला. शाळेच्या व्हरांड्यात प्रत्येकानं आपलं बोचकं तात्यापासून हातभर लांब ठेवलं. शिरवळच्या कंपनीतून मुलाचा, गोरखचा, फोन आला. सुप्रिया कोपऱ्यात जाऊन हळू बोलली, आणि फोन सासूला दिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बघा कसं असतं, लख्ख ऊन पडलं. डोंगर धुतल्यासारखा हिरवागार. नऊ वाजले, दहा वाजायला आले, आणि लोकांची कुजबूज मोठी झाली. हनुमंतानं म्हैस सोडली. "धार काडायला भांडं न्हाई, चुलीला फाटा न्हाई. एका गांजाड्याचं नि त्याच्या बायकूचं ऐकून पोरंबाळं फरशीवर निजवली. म्या चाललो."

तात्या फाटकात बसला होता. आदल्या दुपारपासून गोळी नव्हती. त्याचे हात थडथडत होते आणि मानेवरून घाम वाहत होता. "हनुमंता, आजचा दिस थांब," तो म्हणाला, आणि उठवेना म्हणून त्यानं पाय आडवा टाकला.

हनुमंत त्या पायावरून ओलांडून गेला. थोरल्या माणसाच्या पायावरून!

तो म्हैस घेऊन ओढ्यापर्यंत पोचला असेल. आधी आवाज आला नाही. आधी झाडं चालली. हिरडा उभाच्या उभा खाली सरकत आला, त्याच्या मागं कारवीचं रान, त्याच्या मागं काळी माती, आणि मग आवाज झाला. शाळेचे पत्रे वाजले. बांध गेला, नाचणी गेली, अंबाडी आणि अंबाडीतलं सगळं गेलं. रतनबाईचं घर उभं होतं ते एकदम नव्हतं. हनुमंताची ओसरी, तिथं काल पत्ते पडले होते, ती लाल चिखलात गेली. धूळ नाही, काही नाही, वर नुसतं ऊन. अकरातली चार घरं जायला, तोंड धुवायला लागतो एवढासुद्धा वेळ लागला नाही.

सगळे नुसते उभे होते, तोंडं उघडी. कुणीतरी माणसं मोजायला लागलं, मधेच चुकलं, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं. सगळी होती. हनुमंत अनवाणी पळत आला, म्हशीचं दावं नुसतंच हातात, आणि फाटकात येऊन तात्याच्या पायांवर पडला, ज्यांच्यावरून तो गेला होता त्याच पायांवर.

"तात्या, चुकलो. पन एक करा. त्ये पुन्यांदा खाऊ नका. वाघजाईची शप्पत घ्या. तुमी घाबरला म्हनून आमी वाचलो. तुमी जागंच पायजे, तात्या."

"व्हय तात्या," बायका म्हणाल्या. "शप्पत घ्या. निम्मा डोंगूर अजून वरच हाय."

सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. कालचं हातभर अंतर कुठल्या कुठं गेलं. तात्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, तरी खांद्यापासून हलत होता. रतनबाईनं ते थरथरणं बघितलं आणि तिला बरं वाटलं. खरंच, आतून, गार पाणी प्याल्यासारखं बरं वाटलं. कापतायत, देवा, त्याचे हात पुन्हा कापतायत. आता काही भीती नाही.

आणि त्याच क्षणी ती हबकली. काल भेगेत काठी गेली तेव्हा हबकली नव्हती एवढी. हे काय आलं माझ्या मनात? घर गेलं, शेत गेलं, आणि मी माझ्या माणसाच्या हालांवर खूश होतेय? अकरा वर्षं हेच करत होते का मी? हा बसून राहायचा, आणि मी त्याच्याकडं पाठ करून गाढ झोपायची. हा जागा आहे म्हणूनच झोपायची.

तात्या तिच्याकडंच बघत होता. "लई झोपलो गं यंदा," तो हळू म्हणाला, चोरी कबूल करावी तसा. "अकरा वर्सांनी."

रतनबाई पुढं झाली आणि लोकांच्या मधे उभी राहिली. "शप्पत न्हाई घेनार त्ये," ती म्हणाली. "पाला खानार न्हाईत, त्ये मी बगते. पुन्यांदा भोरला न्हेते, धा खेपा घालायच्या तर घालते. पन जागं बी ऱ्हानार न्हाईत. हनुमंता, नवा वेळू तोड. अकरा घरं हायत. आजपास्नं रोज एक घर वर जाईल."

"काकू, आमाला कुठं कळतंय त्यातलं?"

"त्याला तरी कुठं कळत हुतं? त्यो भेत हुता निस्ता. तुमी बी भ्या."

एक जण दाव्याची गाठ सोडायला लागला, दुसरा डोंगराकडं बघायला लागला. रतनबाईनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "आज माझी पाळी."

वर्गात तिनं सतरंजी पसरली आणि तात्याला आडवं केलं. तो डोळे उघडे ठेवून छताकडं बघत राहिला. "जाऊ नगंस, दारातच बस," म्हणाला. "हाय की," ती म्हणाली, "दारातच हाय. म्या ऐकतीय. तुमी निजा." बराच वेळ त्याची बोटं सतरंजीवर वाजत होती. दुपार कलली तशी ती थांबली, आणि मग त्याचं घोरणं ऐकू आलं, ते चांगलं मोठ्यानं.

रतनबाई उंबऱ्यात बसून उरलेल्या डोंगराकडं बघत होती. वर लाल जखम, आणि तिच्या डाव्या अंगाला अजून उभं असलेलं रान. वारा आला की ते रान हलायचं, आणि दर वेळी तिला वाटायचं, चाललं. पुन्हा बघायची, तर जागच्या जागी.

सुप्रियानं चहा आणला. "आत्याबाई, घ्या," म्हणाली, कालपासून पहिल्यांदाच. रतनबाईनं डोंगरावरची नजर न काढता कपबशी हातात घेतली. कप बशीवर वाजायला लागला, आणि निम्मा चहा बशीत सांडला.